रिकाम्या वर्गात विचारलेला प्रश्न

मंडळी, आज आमच्या तंजावूरच्या कॉलेजात मी रिकाम्या बाकांना अर्थशास्त्र शिकवून आले. मुलं फुकटचे ऑनलाइन कोर्स करतात, म्हणून आपणही तसेच काढायचे, असा विद्यापीठाचा हुकूम. समोर फक्त कॅमेरा आणि तो चालवणारे सेल्वम अण्णा.

मागणीचा नियम सांगून झाला आणि सवयीने मी तमिळमध्ये विचारलं, "पुरिंजदा?" म्हणजे, समजलं का? वीस वर्षं हे विचारून मी उत्तरासाठी थांबते. आजही थांबले. डोळे आपोआप शेवटच्या बाकाकडे गेले.

"मॅडम, ही गॅप एडिटिंगमध्ये काढून टाकतो," अण्णा म्हणाले.

घरीही मराठी बोलायला आता कोणी उरलं नाही, म्हणून इथे, आपल्या मराठी ग्रुपवर लिहिते.

समजलं का? मी थांबलेय.