नाहरगढावरची आंधी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बहिणीला नाही, लेकीला नाही — आणि आमच्या ह्यांना तर नाहीच. तुम्हाला सांगते. हसलात तरी चालेल.

ऐंशीच्या दशकात ह्यांची बँकेतून जयपूरला बदली झाली. दुर्गापुऱ्यात राहायचो. ह्यांना फोटोचं वेड, तेही साधंसुधं नाही — नाहरगढावरून अख्खं शहर एकाच चित्रात हवं. मग स्टँडवर कॅमेरा थोडाथोडा फिरवत शेजारी-शेजारी फोटो घ्यायचे आणि छापून जोडायचे, भिंतभर लांब. बाथरूमच्या खिडकीला काळं कापड, कपड्यांच्या टबात फोटो. आणि आमच्या आंघोळी? त्या शेजाऱ्यांकडे.

त्या मे महिन्यात गडावर गेलो. आभाळ लख्ख, वाऱ्याची झुळूक नाही. ह्यांनी डावीकडून उजवीकडे सगळे फोटो घेतले, कॅमेरा माझ्या हातात दिला आणि स्टँड आवरायला वळले. आता — मागे आमेरला ह्यांनी दिवसभर आमचे फोटो काढले होते, आणि कॅमेऱ्यात रोलच नव्हता. या वेळी तरी घातलाय का, हे बघायला नको? मी... मी कॅमेऱ्याचं मागचं झाकण उघडलं. भर उन्हात.

रोल होता. मी झाकण लावून टाकलं.

छापलेले फोटो दोरीवर वाळत घातले तेव्हा डावीकडे चारदीवारीतली, म्हणजे तटाच्या आतल्या जुन्या शहरातली, गच्ची न् गच्ची स्वच्छ. पुढे मात्र सगळं पांढुरकं होत गेलेलं, आणि अगदी उजवीकडे काहीच नाही. मी झाकण उघडलं तेव्हा रोलवरच्या शेवटच्या फोटोंवर ऊन पडलं होतं, दुसरं काय? मी तोंड उघडणार, तोच हे म्हणाले, "अगं, आंधी येतेय बघ, धुळीचं वादळ! आपल्याला दिसली नाही, कॅमेऱ्याला दिसली."

तेव्हा बोलायला हवं होतं ना? मी चहा टाकला.

गणपतीत तिथल्या मराठी मंडळाने ते चित्र मांडवात लावलं. मिलिटरी स्टेशनमधल्या कर्नलसाहेबांच्या बायकोने बघताक्षणी ओळखलं. "हीच ती! माझ्या चादरी हिनेच नेल्या. मतलब, एक तर अजून सापडली नाही." मग ज्याला त्याला ती आंधी आठवायला लागली. सगळे माझ्याकडे वळले — वहिनी, तुम्ही तर तिथेच होता! आणि मी म्हटलं, माझे पापड उडाले.

त्या वर्षी मी पापड केलेच नव्हते.

भाषणात ह्यांनी माझे आभार मानले. कॅमेरा नीट सांभाळल्याबद्दल.

इथवर गंमतच आहे. पण त्यानंतर जयपुरात असेतो दर उन्हाळ्यात आंधी सुटली, की हे कॅमेरा घेऊन गडाकडे धावायचे. डोळ्यांत रेती घेऊन परतायचे. मी गुलाबपाणी घालून डोळे धुवायची आणि हे म्हणायचे, "तशी पुन्हा नाही जमली." साधे, स्वच्छ फोटो काढणं त्यांनी सोडूनच दिलं. मला त्याचं फार वाईट वाटतं. चित्राच्या डाव्या बाजूला त्यांची खरी करामत आहे, आणि तिकडे कुणी बघत नाही — तेसुद्धा नाहीत.

चित्र अजून हॉलमध्ये आहे. पाहुणे आले की हे उजवीकडच्या पांढऱ्यावर बोट ठेवतात आणि माझ्याकडे बघतात.

मी पापडांचं सांगते.