व्हीलचेअरमधलं कलिंगड

खारघरला आमच्या सोसायटीसमोर नव्या फुटपाथचं काम चालू होतं, तेव्हा ते इंजिनिअर साहेब रोज सकाळी व्हीलचेअर ढकलत यायचे. तिच्यात एक मोठं कलिंगड बसवलेलं असायचं. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. मी कुबडी घेऊन दूध आणायला निघालो की ते नमस्कार करून म्हणायचे, "आजींना जरा फिरवून आणतो."

उतारावर कलिंगड गडगडलं की उतार नापास. साहेब डायरीत लिहायचे, 'आजी पडल्या', आणि तेवढा भाग तोडायला लावायचे.

एकदा कंत्राटदार वैतागला. "साहेब, पट्ट्यानं बांधा ना आजीला!"

"घरच्या आजीला बांधून भाजीला नेता का?"

"कलिंगड हाय ते! माणूस असा पडत नाय."

साहेबांनी कलिंगड उचलून बाजूला उभ्या मुकादमाच्या हातात दिलं आणि ते कंत्राटदाराकडे वळले. "मग तुम्ही बसा."

चारचौघांत माघार कशी घेणार? तो बसला. साहेबांनी खुर्ची उतारावर सोडली, आणि कंत्राटदार किंचाळत विजेच्या खांबाला मिठी मारूनच थांबला. आम्ही सगळे हसलो. साहेब हसले नाहीत. त्यांनी त्याची निसटलेली चप्पल आणून दिली, डायरी उघडली आणि विचारलं, "वय काय लिहू?"

तो उतार त्याच दिवशी फोडला. नवा झाल्यावर मी कुबडी टेकत एकटा त्यावरून उतरलो. खाली पोचून मागे वळलो, तर साहेब दोनच पावलांवर होते. मला सावरायला पुढे धरलेले हात त्यांनी पटकन खिशात घातले.