टपालपेटीला लागलेला पाय

आधी पाय लागला, मग हात लागला, मग अलार्म वाजला. क्रम नक्की हाच होता. नंतर मला तो लिहून द्यावा लागला.

ऑस्ट्रेलियात ॲडलेडजवळच्या एका जुन्या टॅव्हर्नमध्ये माझी प्लेसमेंट होती, म्हणजे कॉलेजच्या कोर्समधलं प्रत्यक्ष कामाचं शिक्षण. टॅव्हर्न म्हणजे घोडागाडीच्या वाटेवरची खानावळ, गुत्ता आणि मुक्कामाची जागा, सगळं एकाच छपराखाली. आता तिथे म्युझियम आहे. त्या दिवशी माझी असेसमेंट टूर होती. पास झाले तर वीकेंडला गाइडचं काम. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. आईने तर काम मिळालं म्हणून शेजारी सांगूनही टाकलं होतं.

मी पाठ केलेलं म्हणत होते. एका बाईंनी जांभई दिली. मी घाबरून मागे सरकले आणि टाच वस्तूंपुढच्या दोरीखालून टपालपेटीला लागली. पूर्वी गावाची पत्रं याच पेटीतून यायची. मी दोरीपलीकडे वाकले, पेटीच्या लोखंडी कडीला हात लावला आणि तो कपाळाला टेकवला. विचार केलाच नाही.

म्युझियममध्ये वस्तूला उघडा हात लावायचा नसतो. घामाने जुनं लोखंड गंजतं. पहिल्याच दिवशी शिकवतात.

हेलन, माझी सुपरवायझर, अलार्म बंद करून आली.

"हात का लावलास?"

"पाय लागला म्हणून."

"म्हणजे पाय लागला, तेवढं पुरलं नाही?"

सगळे हसले. एका आजोबांनी विचारलं, "आणि ते कपाळाला काय केलंस?"

मी अडखळत सांगितलं, "लिहिलेल्या कागदाला पाय लागला की आम्ही माफी मागतो. माझ्या आजोबांना वाचता येत नव्हतं, तरी ते कधी कागद ओलांडत नसत."

"पण पेटी रिकामी आहे, मेट," विचारणारे आजोबा म्हणाले. इथे कुणालाही 'मेट', म्हणजे दोस्त, म्हणतात.

"हो. पण पत्रांचीच आहे ना?"

मग प्रश्न सुरू झाले. पत्र यायला किती दिवस लागायचे? वाचता न येणाऱ्यांना कोण वाचून दाखवायचं? जांभईवाल्या बाईच सर्वांत जास्त विचारत होत्या. पाठ केलेलं तसंच राहून गेलं.

टूर संपल्यावर हेलनने कंडिशन रिपोर्ट पुढे केला. वस्तूला कुठे काय इजा झाली, याची ती नोंद. मी लिहिलं: उजव्या बाजूला बुटाचा ओरखडा, कडीवर चार बोटांचे ठसे. तिने खाली सही केली आणि दुसऱ्या कागदावर 'पास' लिहिलं.

"नो वरीज," ती म्हणाली. "पण पुढच्या वेळी माफी लांबून माग."

दोरी आता हातभर पुढे आली आहे. सवय काही सुटलेली नाही. म्हणून मी ग्लोव्हज खिशात ठेवते.