नवरीच्या नावाची जागा

आमच्या कॅसेट कंपनीला, लेबलला म्हणा, नाव होतं, पण ते मी इथे सांगणार नाही. अधूनमधून कुणाला तरी भंगारात आमची एखादी कॅसेट सापडते आणि तो शोधत शोधत माझ्यापर्यंत येतो. ‘अंडरग्राउंड चळवळ’ वगैरे मोठे शब्द वापरतो. अंडरग्राउंड कसलं डोंबल! ठाण्याच्या कोपरीत माझ्या साथीदाराच्या घरामागे जाळी ठेवायची एक खोली होती, तिथे आम्ही बसायचो. भिंतींना सुक्या बोंबलांचा वास. तो वास कॅसेटच्या डब्यांना लागायचा आणि डबा उघडताच गिऱ्हाईक नाक मुरडायचं.

आम्ही म्हणजे तो आणि मी, बस. त्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी. खाडीत मासळी राहिली नाही तसा तो एका कारखान्यात फिटर म्हणून लागला होता. मी डोंबिवलीची. आमचं मूळ रत्नागिरीकडचं, वडील कचेरीत, घरात संध्याकाळी परवचा, आणि मुलीने चित्रं काढणं म्हणजे रांगोळी, एवढीच समज. ऐंशीचं दशक संपत आलेलं. मी ठाण्यात एका वकिलाकडे टायपिंग करायचे आणि कोर्टाजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात कागदपत्रांच्या जोडीला माझी चित्रकथा गुपचूप घुसडायचे. रांगेत मागे हा उभा होता. माझ्या खांद्यावरून त्याने ती सगळी वाचली आणि म्हणाला, “हे कॅसेटच्या डबीत मावेल का?” ओळख ना पाळख. मी म्हटलं, “घडी घातली तर हत्तीही मावेल.”

तिथून आमचं सुरू झालं. ज्यांना कुठलीही कंपनी दारात उभं करणार नाही अशांना तो रेकॉर्ड करायचा. बंद पडलेल्या कारखान्यातले दोन गाणारे कामगार, उल्हासनगरचा एक गिटारवाला, एक बाई जी फक्त भांडणाची गाणी म्हणायची. कोऱ्या कॅसेट विठ्ठलवाडीहून सुट्या आणायच्या, दोन डेक जोडून एकेक कॉपी काढायची. डबीतल्या कार्डाच्या जागी माझी चित्रकथा, एक लांब पट्टी, बारीक घड्या घातलेली. गाणं ऐकता ऐकता पट्टी उलगडत जायची. चित्रं संपली की गाणंही संपायचं, निदान आमचा हिशेब तसा होता. कॉलेजच्या गेटवर, गणपतीच्या मांडवाबाहेर आम्ही ती विकायचो. बहुतेक फुकटच वाटायचो.

त्याची आई धवलारीण होती. त्यांच्याकडे लग्नात बाई धवले म्हणते. हळदीपासून पाठवणीपर्यंत प्रत्येक विधीचं वेगळं गाणं, आणि ते झाल्याशिवाय लग्न लागलं असं कोणी मानत नाही. गाण्यात नवरा-नवरीचं नाव गुंफायचं, तेही धवलारणीनेच. कोपरीपासून खाडीपल्याडच्या गावांपर्यंत तिला बोलावणं असायचं. मिशरीने काळे झालेले दात, कपाळभर कुंकू आणि आवाज असा की मांडवातली पोरंबाळं रडायची थांबत. पण त्या दोन-तीन वर्षांत तिचा घसा बसत चालला होता. वरच्या पट्टीत आवाज फाटायचा. मुलाने ते सगळ्यांच्या आधी ओळखलं, त्याचे कानच तसले. आईचा आवाज जायच्या आत टेपवर घ्यायचा, हे त्याच्या मनाने घेतलं.

ती तयार होईना. “नवरी नाय, हलद नाय, नि धवला कनाला बोलू? भिंतीचा लगीन लावू का?” म्हणायची. लग्नाशिवाय धवला म्हणणं त्यांच्यात अशुभ. खऱ्या लग्नात टेप नेऊन पाहिला, तर बेंजोशिवाय काहीच ऐकू आलं नाही. शेवटी त्याने तिला बरोबर पेचात पकडलं. म्हणाला, “माझे लग्नाचा बोल. त्या वेलेला तुझा घसा नसला तं माझा लगीन कोन लावल?” यावर ती तयार झाली. एकुलता मुलगा. त्याच्या लग्नात दुसरी कोणी धवलारीण येऊन बसेल, हे तिला सहन होणारं नव्हतं.

रविवारी दुपारी त्याच खोलीत बसलो. तिने पाटावर हळद-कुंकू ठेवलं, नारळ ठेवला. पहिल्या गाण्यात नवऱ्याचं नाव आलं, तिने मुलाचं घेतलं. मग थांबली आणि त्याला विचारलं, “नवरीचा नाव काय घेव?”

मी त्याच्याकडे पाहिलं. आज सांगायला हरकत नाही, मला वाटलं होतं की तो माझं नाव सांगेल. त्याच्या आईलाही वाटलं असावं, कारण तिनेही माझ्याकडे पाहिलं. माझ्या घरी कळलं असतं तर वडिलांनी मला चौकटीबाहेर पाऊल टाकू दिलं नसतं, हे त्याला ठाऊक होतं. तो हसला आणि म्हणाला, “मोकला सोड. मंग भरू.”

मला राग आला. अजूनही येतो. तिने मात्र त्याचं ऐकलं. नवरीचं नाव यायचं तिथे ती गप्प राहायची, बरोबर एका नावाएवढी, आणि पुढची ओळ धरायची. चार गाणी तिने अशी म्हटली. आवाज फाटला तिथे फाटलेलाच ठेवला.

त्या कॅसेटसाठी मी काढलेली पट्टी माझ्या सगळ्या चित्रांत चांगली होती. खाडी, मांडव, केळीचे खांब, मुंडावळ्या बांधलेला तो, त्याच्या त्या बाकदार नाकासकट. नवरी प्रत्येक चित्रात पाठमोरी. अंबाडा, अबोलीचा गजरा, पाठ. रागाने काढली होती ती पाठ. लोकांना ती कॅसेट फार आवडली. पहिल्यांदाच आमच्याकडे माणसं मागत आली. वस्तीतल्या घराघरांत ती वाजू लागली, आणि ज्याला-त्याला एकच प्रश्न, नवरी कोण? तो सगळ्यांना म्हणायचा, “येनार हाय.”

श्रावणात त्याला कावीळ झाली. आधी गावठी औषध, मग पथ्य, मग हॉस्पिटल, आणि हॉस्पिटलात नेलं तेव्हा वेळ गेलेली होती. मला निरोप मिळाला तेव्हा त्याला स्मशानात नेऊन झालं होतं. मी कोण होते निरोप वेळेवर मिळायला?

वस्तीतल्या बायका आधी हळू आवाजात बोलल्या, मग मोठ्याने. नवरी नसताना आईने लग्न लावलं. त्या पोरीने त्याला मुंडावळ्या बांधून कागदावर उभा केला. जागा रिकामी ठेवली की कोणी तरी येऊन बसतंच. मी हे कधी मानलं नाही. कावीळ पाण्यातून होते, गाण्यातून नाही, आणि नळाला खाडीच्या रंगाचं पाणी येत होतं तेव्हा यातली एकही बाई महापालिकेत जाऊन भांडली नव्हती. पण त्याच्या आईने मानलं. एका दुपारी ती डोंबिवलीला आमच्या घरी आली. पत्ता विचारत विचारत, एकटी. माझ्या आईने दिलेला चहा तसाच राहिला.

“माझे तोंडानं झाला,” ती म्हणाली. “मोकले जागेवर भलतीच येवून बसली. त्या सगल्या पुसून टाक, पोरी. एक नको ठेवू.”

मी तिला समजावलं. मग ओरडलेसुद्धा. म्हटलं, मावशी, हा तुमचा आवाज आहे, आता तुमच्याही घशात तो नाही. तुम्ही गेल्यावर हे धवले कोण म्हणणार? ती म्हणाली, “मेले धवले. माझा पोर परत यील का?”

आम्ही दोघी घरोघर फिरलो. तिने मागितली की कोणी नाही म्हणत नव्हतं. मृताच्या घरची वस्तू परत करावी तशी बायका कॅसेट दोन्ही हातांनी द्यायच्या. त्याच खोलीत, त्याच डेकवर, आवाजाची कळ शून्यावर ठेवून मी रेकॉर्डचं बटण दाबायचे आणि कॅसेट कोरी होत जायची. ती समोर बसून राहायची. माझ्या पट्ट्या तिने चुलीत घातल्या. एवढं वाईट मला माझ्या चित्रांबद्दल पुन्हा कधी वाटलं नाही.

शेवटी मूळ टेप राहिली, जिच्यावरून आम्ही कॉप्या काढायचो. तेव्हा मला बोलावंच लागलं. “मावशी,” मी म्हटलं, “या टेपमध्ये तो आहे.”

तिला ते माहीतच नव्हतं. तो कायम डेकच्या मागे, त्यामुळे आमच्या एकाही कॅसेटवर त्याचा आवाज नव्हता. या टेपवर गाण्यांच्या मधे मधे तो आईशी बोलला होता आणि कॉपी काढताना स्वतःचं बोलणं तेवढं वगळायचा. मी लावली. “आये, बोल आता,” तो म्हणाला. तिने पदराचा बोळा तोंडात कोंबला.

मग बोळा काढून म्हणाली, “गानी पूस. त्याचा ठेव.”

सांगायला सोपं. पुसताना टेपवरचं ऐकू येत नाही, आणि डेकवरचे टेप मोजणारे आकडे केव्हाच फिरायचे बंद झाले होते. गाणं कुठे संपतं आणि तो कुठे बोलतो, हे कळायला एकच मार्ग होता. इतक्या कॉप्या काढून ते धवले मला तोंडपाठ झाले होते. मी बटण दाबलं आणि पहिलं गाणं मनातल्या मनात म्हणू लागले, तिच्याच चालीत, तिच्याच थांब्यांसकट. म्हणजे तिकडे एकेक ओळ पुसली जात होती आणि इकडे ती मी म्हणत होते. ओठ कधी हलायला लागले ते मला कळलं नाही. शेवटच्या कडव्यात तर आवाजच फुटला.

ती झटकन पुढे झाली आणि तिने माझ्या तोंडावर हात दाबला. “तू नको बोलू! तुझा लगीन व्हयाचा हाय अजून!” माझ्यासाठी घाबरली होती ती, माझ्यासाठी. मी तिच्या मनगटाला धरून रडले. त्याच्या मरणानंतर तिच्यासमोर पहिल्यांदाच.

बटण आठवलं तोवर उशीर झाला होता. थांबवलं, मागे नेऊन लावलं. नुसती खरखर, आणि मग एकदम दुसरं गाणं.

“इथं काय व्हता?” तिने विचारलं.

“पाणी देऊ का, असं विचारलं होतं त्याने. तुमचा घसा सुकला होता.”

“मी काय बोलले व्हते?”

“नको म्हणाला होतात.”

तिचा हात अजून माझ्या हातात होता.

“घ्यायला पायजे व्हता,” ती म्हणाली.