विम्याचा उरलेला अर्धा भाग

माझ्या नवऱ्याला आतड्याचा कॅन्सर असल्याचं अकोल्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा मी विचारलं, ऑपरेशन कधी? यांनी विचारलं, नाही केलं तर? डॉक्टर म्हणाले, "आत्ता गाठ निघेल. उशीर केलात तर मला हात लावता येणार नाही."

वडनेरला घरी आलो आणि यांच्या मावसभावाला बोलावलं. गावातली विम्याची कामं तोच करतो. यांची पॉलिसी दुहेरी होती : जीवन विमा आणि त्यातच गंभीर आजाराचं संरक्षण. आजाराचे पैसे वेगळे आणि माणूस गेल्यावरचे वेगळे, अशी माझी समजूत.

"वेगळे नाईत, वहिनी," तो म्हणाला. "रक्कम एकच हाय. आजारपणात अर्धी उचलली, का मंग अर्धीच उरते. दोन्ही पूरे पाह्यजे असते तं हप्ता जास्त पडला असता. अन् आजार सापडल्यावर माणूस महिनाभर तरी जगला पाह्यजे, मंगच हे पैसे भेटते."

"पाह्य," हे म्हणाले, "कंपनीले बी माह्यावर भरोसा नाई."

यांनी क्लेमचा कागद सही न करताच परत त्याच्याकडे सरकवला. "मले नाई काढायचे. मी गेल्यावर पूरे भेटू दे. पोरीचं शिक्षण बाकी हाय."

ऑपरेशनचे पैसे माझा भाऊ भरणार होता, पण क्लेम आला की परत करायच्या बोलीवर. म्हणजे सही नाही तर ऑपरेशन नाही.

हे रोजच्यासारखे मिरच्या तोडायला शेतात जात राहिले. मी माझ्या शिवणाच्या दुकानात लग्नसराईचे ब्लाउज पुरे करत राहिले. जेवताना हे पोटावर हात दाबून धरायचे आणि मी बघितलं की हात काढून घ्यायचे. मी रडले नाही. रडून सही मिळाली असती तर रडले असते.

मग हॉस्पिटलातून फोन आला. सोमवारी येताय, की जागा दुसऱ्या पेशंटला देऊ? येतो, म्हणून सांगितलं. दुकानाचं शटर ओढलं, मावसभावाला कागद घेऊन यायला सांगितलं आणि शेत गाठलं.

"तुमी मरसान कधी, ते सांगा," मी म्हणाले.

हे मिरच्या तोडायचे थांबले. "असं काऊन बोलतं वं?"

"हिशोब तुमीच मांडला न. ऑपरेशन नाई केलं तं काय उद्या मरसान? सालभर बाजेवर पडसान. मी दुकान बंद करून उशापाशी बसीन. पोरगी कॉलेज सोडून घरी येईन. तुमचे पूरे पैसे भेटतीन तवर तिचं शिक्षण कुठं उरलं?"

"लोकायच्या बायका रडते. तू भांडून राह्यली."

"रडीन मंग. आधी सही करा."

हे धुऱ्यावर, शेताच्या बांधावर बसले. हातातल्या मिरच्यांचे देठ मोडत राहिले. मावसभाऊ मोटरसायकल लावून बाजूला उभा. शेवटी यांनी हात पुढे केला. "दे पेन."

"हात धुवा आधी," मी म्हणाले. "डोळ्याले लागन."

यांनी मोटरीच्या पाण्यावर हात धुतले, धोतराला पुसले आणि सही केली. मावसभावाने ती पॉलिसीवरच्या जुन्या सहीशी ताडून पाहिली आणि चालेल म्हणून मान डोलावली.

सोमवारी स्ट्रेचर आत नेताना यांनी मला जवळ बोलावलं. "ऐक. उरलेल्या अर्ध्याले तं हात लावू नको."

"ते माह्या हातात नाई," मी म्हणाले. "तुमच्या हाय."

दार लागलं. ते उघडेपर्यंत मी बाकावर टेकले नाही.

पुढच्या हंगामाच्या मिरच्या यांनीच तोडल्या. हप्ता आता मी भरते. उरलेला अर्धा भाग अजून तसाच आहे.