परत घेतलेला बोजारा

लहान मुलांसाठी पैसा बनवायचा, ही कल्पना माझी नव्हती. माझी असती तर कामाच्या गडबडीत मी ती केव्हाच विसरून गेले असते. कल्पना आमच्या मालकाची. हा माणूस आधी दहावी-बारावीचे क्लासेस चालवायचा. त्यात पुरेसे पैसे मिळाले आणि पुरेसा कंटाळाही आला, तेव्हा त्याने एका कापडाच्या दुकानावरच्या दोन खोल्या भाड्याने घेतल्या, चार खुर्च्या टाकल्या आणि कंपनी काढली. कंपनी म्हणजे मालक, स्क्रीनची चित्रं काढणारी एक पंचविशीतली मुलगी आणि प्रोग्रॅम लिहिणारी मी. चौथी खुर्ची गुंतवणूकदारासाठी होती. तो येईपर्यंत तिच्यावर आमचे डबे बसत.

मी पुण्यातली नोकरी सोडून नागपूरला परत आले होते. नवरा चंद्रपूरला, शनिवारी रात्री येणार आणि सोमवारी पहाटे जाणार. मुलगी नऊ वर्षांची. सकाळी डबे, मग ऑफिस, संध्याकाळी भाजी, अभ्यास, आणि सगळं आटोपलं की पुन्हा लॅपटॉप. मी दमलेली असायचे, हे वेगळं सांगायला नको. या वयाची नोकरी करणारी बाई दमलेली दिसली नाही तर तिची चौकशी करावी.

योजना साधी होती. आईवडिलांनी रुपये भरायचे, त्यांची नाणी व्हायची आणि ती मुलांच्या पाकिटात जायची. हे पाकीट मोबाइलमधलं. नाणी सोसायटीखालच्या स्टेशनरीवाल्याकडे आणि ज्यूसवाल्याकडे चालायची. मालक याला 'मुलांचं डिजिटल चलन' म्हणायचा. वकिलाने त्याला बजावलं की चलन म्हणू नका, पॉइंट म्हणा, नाहीतर गोत्यात याल. तेव्हापासून तो कागदावर पॉइंट लिहायचा आणि तोंडाने चलनच म्हणायचा.

नाव मात्र मी दिलं. त्याला काहीतरी इंग्रजी हवं होतं. मी म्हटलं, बोजारा ठेवा. आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. बैलांचा सण झाला की दुसरा दिवस पोरांचा. पोरं लाकडी नंदी सजवून घरोघर नेतात आणि लोक त्यांच्या हातावर जे पैसे ठेवतात, तो बोजारा. माझ्या आयुष्यातला पहिला स्वतःचा पैसा बोजाऱ्याचाच. बाकी पैशांचं काय केलं ते आई विचारायची, बोजाऱ्याचं कधी विचारलं नाही. तो तुझा, असं म्हणायची आणि कामाला लागायची. मालकाला नाव पटलं, कारण ते फुकट मिळालं होतं.

पहिली चाचणी आमच्याच सोसायटीत घ्यायची ठरली आणि मुहूर्त अर्थातच तान्ह्या पोळ्याचा. लोक खूश होते. चिल्लर जमवायची कटकट नको, दारात आलेल्या पोराचं नाव निवडा, दाबा, झालं. नाण्यांसोबत दोन ओळी लिहिता येतील अशी एक जागा मी ठेवली होती. बहुतेकांनी ती रिकामी सोडली किंवा अंगठ्याचं चित्र टाकलं.

तळमजल्यावर एक आजोबा एकटे राहायचे. सगळी सोसायटी त्यांना आबाजी म्हणायची. उमरेडच्या कोळसा खाणीत हजेरी लिहिण्याचं काम त्यांनी आयुष्यभर केलं होतं. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगा बंगळूरला होता. आमच्या घराची किल्ली त्यांच्याकडे असायची. माझी मुलगी शाळेतून आली की मी येईपर्यंत त्यांच्याच बैठकीत बसून अभ्यास करायची, म्हणजे बहुधा करायची नाही. 'काय वं, आज काय शिकवलं?' असं ते रोज विचारायचे आणि ही रोज 'काहीच नाही' म्हणायची. तेवढ्यावर दोघांचा तास-दीड तास छान जायचा. मी सहाला पोचले की निरोप घ्यायला दोघंही नाखूश असायचे.

त्यांच्या बैठकीत बुद्धाची मूर्ती होती आणि पोळा त्यांच्या घरचा सण नव्हता. पण नंदी घेऊन पोट्टे दारात आले की रिकाम्या हाताने पाठवायचे नाहीत, हा त्यांचा नेम. यंदा सगळे मोबाइलवरून देणार हे कळल्यावर त्यांनीही हट्ट धरला. मुलाने पाठवलेला फोन ते फक्त उचलायला वापरत. माझ्या मुलीने त्यांना आठवडाभर शिकवलं. त्या आठवड्यात तिचा गृहपाठ एकदाही पूर्ण झाला नाही.

सणाच्या दिवशी ते चष्मा लावून दारात खुर्ची टाकून बसले. माझ्या मुलीचा नंदी समोर आला तेव्हा त्यांनी इतका वेळ घेतला की मागच्या पोरांची चुळबुळ सुरू झाली. ते एकेक अक्षर शोधत होते आणि ही शेजारी उभी राहून अजिबात मदत करत नव्हती, तोंड फिरवून उभी होती. शेवटी अकरा नाणी आली आणि त्यांच्यासोबत काहीतरी लिहिलेलं आलं. मी जिन्यात फोनवर होते. ज्यूसवाल्याच्या दुकानात कोड चालत नव्हता आणि तो मला भलतंसलतं बोलत होता. फोन ठेवून मी मुलीला विचारलं, आबाजींनी काय लिहिलं? तिने माझ्या फोनच्या स्क्रीनवर तळवा ठेवला. मला तेव्हा फक्त एवढंच वाटलं की चला, संदेशाची सोय तरी नीट चालते आहे.

दिवाळीनंतर सोसायटीच्या हॉलमध्ये पालकांची बैठक झाली. मालक वर्गात उभा राहायचा तसा हात मागे बांधून उभा होता. पालकांचं म्हणणं एकच होतं. पोरगं ऐकत नसेल तर दिलेली नाणी परत घेता आली पाहिजेत. मी म्हटलं, दिलेलं ते दिलं. त्यावर माझ्याकडे लोकांनी असं पाहिलं की जणू मला मूलबाळच नाही. एक आई म्हणाली, नाणी घेतलेली पोराला दिसली की ते दिवसभर रडेल, तेव्हा दिसायलाच नको. बाकीच्यांनी माना हलवल्या.

बैठकीनंतर मी मालकाशी भांडले. बँकेतला नवा कारकूनसुद्धा नोंद खोडत नाही, उलटी नोंद करतो, म्हणजे काय आलं आणि काय गेलं ते दोन्ही दिसतं. तो शांतपणे म्हणाला, 'मॅडम, पैसे पालक देऊन राहिले, पोट्टे नाही.' ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, हे त्याचं तत्त्व होतं आणि पगार तो देत असल्यामुळे ते माझंही होतं. माझं भांडण एक चहा संपेपर्यंत टिकलं. त्या आठवड्यात मुलीला ताप होता आणि मला दोन रात्री झोप नव्हती. दुसऱ्या दिवशी दुपारी मी ते बटण लिहून टाकलं. 'काही परत घ्या' आणि 'सगळे परत घ्या', असे दोन पर्याय. परत घेतलं की नोंद पुसली जायची, तिच्यासोबतच्या दोन ओळीही जायच्या. नाणं कोणी दिलं होतं, हे तपासायचं माझ्या डोक्यातही आलं नाही. पोरांच्या पाकिटात आलेलं सगळं आईबापांचंच, असं मी धरून चालले होते.

जानेवारीच्या थंडीत आबाजी गेले. दोन दिवस दवाखान्यात होते, तेवढंच. मुलगा आला, सगळं नीट केलं, घराला कुलूप लावलं आणि आमची किल्ली माझ्या हातात देऊन गेला. माझी मुलगी फार रडली नाही. मी तिला संध्याकाळी एका अबॅकसच्या क्लासला घातलं. किल्ली ठेवायला कोणी नव्हतं आणि मुलीला ठेवायलाही कोणी नव्हतं, हे त्यामागचं खरं कारण. अबॅकस वगैरे सगळं मागाहून. घरी आल्यावर ती माझा फोन मागायची, पाकीट उघडायची, थोडा वेळ बघायची आणि परत द्यायची. मला वाटायचं नाणी मोजते आहे. एकदोनदा मी ओरडलेही, की पैशाकडे इतकं काय बघायचं असतं.

फेब्रुवारीत क्लासच्या सरांचा फोन आला की मुलगी तीन दिवस आलेली नाही. तीन दिवस ती मला 'क्लास चांगला झाला' असं सांगत होती. त्या दिवशी ऑफिसात माझं आधीच मालकाशी वाजलं होतं. मी घरी आले, चप्पलही काढली नाही, विचारलं, कुठे होतीस? ती म्हणाली, 'खालीच होती.' खाली म्हणजे कुठे, हे मी विचारलं नाही. ते मला पुढे चौकीदाराने सांगितलं. ती आबाजींच्या बंद दाराच्या पायरीवर दप्तर घेऊन बसायची आणि माझी गाडी दिसली की वर पळायची. पण तेव्हा मला फक्त खोटं ऐकू आलं. मी तिच्यासमोर फोन काढला आणि 'सगळे परत घ्या' दाबलं. बटण चांगलं चाललं. मीच लिहिलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून ती एकदम सुधारली. वेळेवर क्लासला गेली, दूध न सांगता प्यायली, गणवेश घडी करून ठेवू लागली. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. बैठकीतले पालक बरोबर होते असंही वाटलं. मालकाला मी हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, याचा एक छोटा व्हिडिओ करू.

पंधरा-सोळा दिवसांनी, एका रविवारी, मी कणीक मळत असताना ती ओट्याशी येऊन उभी राहिली. म्हणाली, 'आता देते का परत?' मी हसले. हात धुतले, फोन घेतला आणि होती त्याच्या दुप्पट नाणी टाकली. तिने स्क्रीन वरून खाली सरकवली, पुन्हा वर नेली.

'हे नाही. आबाजीचं.'

मी म्हटलं, नाणी सगळी सारखीच असतात. ती म्हणाली, 'ते तू दिलं नव्हतं. मंग तू काहून घेतलं?'

तिला वाटलं होतं की शहाण्यासारखं वागलं की आई सगळं होतं तसं परत ठेवील. त्या आशेवर ती पंधरा दिवस दूध प्यायली होती.

मुलीला नवऱ्याजवळ ठेवून मी तशीच ऑफिसात गेले. रविवार असल्यामुळे खालचं दुकान बंद होतं, मालकाकडून किल्ली आणावी लागली. जुन्या नोंदींची प्रत आम्ही सातच दिवसांची ठेवायचो. त्याहून जास्त ठेवली तर महिन्याचे पैसे वाढत होते आणि सात दिवस पुष्कळ झाले, असं मीच मालकाला सांगितलं होतं. तरी मी संध्याकाळपर्यंत शोधत बसले. आपण पुसलेलं आपल्याला सापडेल, असा उगाच एक भरवसा असतो. आबाजींच्या मुलाला बंगळूरला फोन केला. तो बिचारा म्हणाला की वडिलांचा फोन त्याने साफ करून कामवालीच्या मुलाला दिला. वर, काही महत्त्वाचं होतं का, असंही विचारलं. मी नाही म्हटलं. काय सांगणार होते?

परत येताना एक गोष्ट सुचली आणि खरं सांगते, मला हायसं वाटलं. नोंद मी पुन्हा लिहू शकत होते. तीच तारीख, त्यांचंच नाव, अकरा नाणी आणि त्याच दोन ओळी. हे चलन माझ्याच हातचं होतं. ती नोंद नंतर टाकलेली आहे हे जगात कोणालाही कळलं नसतं. फक्त त्या ओळी काय होत्या, ते मला ठाऊक नव्हतं. ते एकाच माणसाला ठाऊक होतं.

मुलगी गादीवर पालथी पडून चित्र रंगवत होती. मी तिच्याजवळ जमिनीवर बसले आणि सगळं सांगितलं. मी पुसलं, ते आता कुठेच नाही, माझ्याकडून चूक झाली. माफ कर असंही म्हटलं. मला लाज वाटत होती आणि ती लपवण्याइतका जीव अंगात उरला नव्हता. ती ऐकत होती, रंगवणं थांबलं होतं. मग मी म्हटलं, 'तू फक्त सांग नं वं, आबाजीनं काय लिहिलं होतं. मी जसंच्या तसं टाकून देते. आत्ताच.'

तिच्या ओठांची थोडी हालचाल झाली, म्हणजे ती ते मनात म्हणून बघत असावी, सगळं आठवतं आहे ना म्हणून. तेवढ्यात मी फोन उघडून तयार ठेवला होता.

'नाही सांगत,' ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. 'सांगितलं तर तू तेही परत घेशील.'