सुनिल्दाचा गरम हात

दोन्या बेल्कीस, म्हणजे बेल्कीसबाई, समोरून आली की मी रस्ता बदलत नाही, तिनेच बदलावा. आमच्यासारख्या लहान वस्तीत अबोला धरणं सोपं नसतं. भाजीचा बाजार एक, औषधाचं दुकान एक, आणि केस सेट करायचं बरं दुकानही एकच, ते माझं. तरी फेब्रुवारीपासून त्या बाईच्या डोक्याला माझा कंगवा लागलेला नाही. लोक म्हणतात, "ओनेलिया, सोड की आता, केकवरून कोणी एवढं भांडतं का?" केकवरून भांडले असते तर कधीच सोडलं असतं. मी भांडले ते सुनिल्दावरून.

सुनिल्दा माझ्या शेजारची. शाळेचे गणवेश शिवते. वय बासष्ट, उंच, काटकुळी, आणि बोलणं इतकं कमी की गिऱ्हाइकाला माप सांगतानाही खाणाखुणा करेल. तिच्या मुलीला, युदेल्काला, बाप्तिस्म्याच्या वेळी मी हातात धरलं होतं, म्हणून आम्ही एकमेकींच्या कोमाद्रे. हे नातं सख्ख्या बहिणीपेक्षा कमी नसतं, निदान नसावं.

सोळा वर्षांपूर्वी युदेल्काचं लग्न ठरलं आणि सुनिल्दाने मनात घेतलं की केक आपण स्वतः करायचा. भाजण्यात तिला कोणी नाव ठेवू शकत नव्हतं. लोणी, लिंबाची साल, मधल्या थरात अननसाचा मुरंबा, सगळं झकास. अडलं ते वरच्या सुस्पिरोवर. अंड्याचा पांढरा भाग फेटत राहायचा आणि त्यात उकळता पाक धारेने सोडायचा, की पांढरंशुभ्र, घट्ट आवरण तयार होतं, तो सुस्पिरो. तो नीट जमला तर समुद्राच्या दमट वाऱ्यातही दोन दिवस हलत नाही. बिघडला तर दोन तासांत त्याला पाणी सुटतं, गुलाब घसरत घसरत ताटलीत येतात आणि पाहुणे तोंड फिरवून हसतात.

हे शिकायला सुनिल्दा दोन्या बेल्कीसच्या शनिवारच्या वर्गात गेली. बेल्कीस गावातली केकवाली. तिच्या पडवीत दर वेळी आठ-नऊ बायका बसायच्या, वही घेऊन. ती गुलाब शिकवायची, शिंपल्याची किनार शिकवायची, टोपलीची वीण शिकवायची. सुस्पिरोचं प्रमाण सगळ्यांनी एकसारखं लिहून घेतलं होतं, आणि शेवटी एक ओळ: पाक एकतारी झाला की ओता. सुनिल्दाने तसंच केलं. पाणी सुटलं. पुन्हा केलं, पुन्हा सुटलं. तिसऱ्या वेळी बेल्कीसने सगळ्यांसमोर तिचं मनगट धरलं, तळवा दाबून पाहिला आणि डॉक्टरीणबाईसारखी मान हलवली. म्हणाली, "पोरी, तुझा दोष नाही. तुझा हात गरम आहे. काहींचा असतो. तू फुलं शीक, सुस्पिरो दुसऱ्या कोणाकडून करून घे."

दुसऱ्या कोणाकडून म्हणजे कोणाकडून, हे काय सांगायला हवं? लग्नाचा केक बेल्कीसनेच केला.

आमच्याकडे गरम हात ही थट्टेची गोष्ट नाही. सुस्पिरो फेटताना घरात नुकतंच भांडण झालेली बाई चालत नाही, गरोदर चालत नाही, आणि गरम हाताची तर उंबऱ्याबाहेरच बरी. तिने लावलेलं रोप धरत नाही म्हणतात. हातगुण वाईट असा एकदा शिक्का बसला की बसला. युदेल्काच्या लग्नात केक टेबलावर ठेवताना सुनिल्दा ताट धरायला पुढे झाली, तर तिच्या नणंदेने तिला कोपराने मागे सारलं. मुलीची आई अंगणात खुर्च्या पुसत राहिली आणि आम्ही आत टाळ्या वाजवल्या.

दुसरी कोणी असती तर केकचं नाव टाकलं असतं. सुनिल्दाने नाही टाकलं. तिला फुलं काढायचा नादच लागला होता. सुस्पिरो करायचा नाही, मग फुलं कशाची काढायची? तर उकडलेल्या बटाट्याच्या लगद्याची. दुपारी शिवण बाजूला ठेवायची, लगदा पिशवीत भरायचा आणि पातेल्याच्या उलट्या बुडावर गुलाब, जुई, कमळं काढत बसायची. नात अन्येलीना लहानपणापासून आजीकडेच वाढली, कारण युदेल्का नवऱ्याबरोबर न्यूयॉर्कला गेली. ती पोर बटाट्याचे गुलाब खाऊनच मोठी झाली. शाळेत एकदा साधा कुस्करलेला बटाटा वाढला तर याला पाकळ्या का नाहीत असं तिने विचारलं होतं.

आणि सुनिल्दा बेल्कीसच्या वर्गाला जातच राहिली. दर वर्षी, नवीन फुलं शिकायला, पूर्ण फी भरून. मागच्या बाकावर बसायची आणि वनस्पती तुपावर सराव करायची, कारण सुस्पिरोच्या वाडग्याजवळ यायचं नाही असं तिला सांगितलेलं होतं. सोळा वर्षं बेल्कीसने ती फी घेतली. मला सगळ्यात जास्त चीड येते ती याची. अज्ञानाने केलं असतं तर मी म्हटलं असतं, जाऊ दे.

अज्ञान नव्हतं हे मला कळलं ते माझ्या दुकानात. फेब्रुवारीतला गुरुवार होता. तीन बायका ड्रायरखाली बसल्या होत्या. ड्रायरखाली स्वतःचा आवाज ऐकू येत नाही, म्हणून बायका ओरडून बोलतात आणि गावाची गुपितं भर चौकात सांगितल्यासारखी फुटतात. अन्येलीनाला तीन आठवड्यांनी पंधरावं लागणार होतं, आमच्याकडे मुलीचं पंधरावं लग्नासारखं थाटात करतात, युदेल्का त्यासाठी येणार होती, तिचंच बोलणं चाललं होतं. केक कोण करणार असं कोणीतरी विचारलं. मी म्हटलं, बेल्कीसच करेल, सुनिल्दाचा हात गरम आहे ना.

तर क्रुसिता ओरडली, "माझाही गरम आहे."

पलीकडून देयानिरा म्हणाली, "अगं, मलापण तेच सांगितलंय."

तिसरीने ड्रायर वर केला. तिच्या वहिनीचाही हात गरम निघाला होता. मी हातातला रोलर खाली ठेवला आणि एकेकीला विचारलं, कोणी सांगितलं? तिघींनी एकच नाव घेतलं. गावात इतके गरम हात, आणि सगळे एकाच बाईच्या पडवीत निघालेले! सुनिल्दा धरून चारी जणींना सुस्पिरो जमला नव्हता आणि चारी जणी तेव्हापासून केक तिच्याकडूनच घेत होत्या.

दुसऱ्या दिवशी अन्येलीनाचा केक सांगायच्या निमित्ताने मी बेल्कीसकडे गेले, आणि मुद्दाम मागच्या दाराने गेले. ती शेगडीपाशी पाठमोरी उभी होती. रेडिओ जोरात होता. तिने पाकाचा एक थेंब चमच्याने गार पाण्याच्या पेल्यात सोडला, बोट घालून चिमटीत धरला, पुन्हा शेगडीवर लक्ष दिलं. थोड्या वेळाने दुसरा थेंब. त्याची मऊ गोळी वळली, ती तिने बोटांत फिरवून पाहिली, आणि मग पाक उतरवून वाडग्यात ओतला. एकतारी कसला, चांगला गोळीबंद पाक. पेल्यातलं पाणी मोरीत फेकलं, पेला विसळून पालथा घातला. त्या पडवीत बसलेल्या एकाही बाईच्या वहीत तो पेला नव्हता.

मी केक सांगितलाच नाही. तशीच सुनिल्दाकडे गेले आणि म्हटलं, उठ, अंडी काढ.

ती घाबरली. नको म्हणाली. तिने हात अॅप्रनखाली घातले, लपवल्यासारखे. मी म्हटलं, सगळं तू करायचंस, मी चमच्यालाही हात लावणार नाही, फक्त पेल्यात पाणी घेऊन उभी राहीन, पाकाची त्यात गोळी वळली की मगच ओतायचास. तिने सुरुवात केली आणि नेमकी अर्ध्यात लाईट गेली. यंत्र बंद. मी मनात विजेच्या कंपनीला शिव्या घातल्या. सुनिल्दाने तारेची फेटणी घेतली आणि त्या गरम हाताने, घाम गाळत, वीस मिनिटं फेटलं. मग वाडगा माझ्या डोक्यावर पालथा धरला. तेवढा विनोद तिने केला. सुस्पिरो जागचा हलला नाही.

त्याचं एक फूल काढून तिने ताटली खिडकीत ठेवली. दर तासाला उठून बोटाने ताटली चाचपायची. कोरडी. संध्याकाळी कोरडी, सकाळीही कोरडी. मला वाटलं ती आनंदाने रडेल. ती फक्त म्हणाली, आज शनिवार आहे, चल वर्गाला.

वर्ग भरलेला होता, नऊ बायका, त्यात दोन नवीन मुली. मी पायरीवरूनच तोंड सोडलं. काय काय बोलले ते सगळं इथे लिहीत नाही, माझी नातवंडं वाचतील. पेल्याचं सांगितलं, चार जणींची नावं घेतली, सोळा वर्षांची फी काढली. बेल्कीसने फुलं काढायचं नोझल पुसून खाली ठेवलं आणि जराही न शरमता म्हणाली, "मग? सगळंच शिकवलं तर मी खाऊ काय? मला तरी कोणी फुकट सांगितलं होतं?"

एवढ्यापुरतं तिचं खोटं नव्हतं, हे मलाही कळत होतं. धंद्याची एखादी खूण प्रत्येकजण राखून ठेवतो, मीही रंगाचं प्रमाण कोणाला सांगत नाही. पण माझ्याकडे केस बिघडले तर मी त्या बाईला तुझं डोकंच वाईट आहे असं सांगत नाही.

सुनिल्दा माझ्या पुढे आली. तिचा आवाज त्या पडवीत पहिल्यांदाच कोणी ऐकला असेल.

"पाक तुझा तुझ्यापाशी ठेव, दोन्या बेल्कीस. तू म्हणाली असतीस की सांगणार नाही, तर मी समजून घेतलं असतं. माझा हात वाईट आहे असं का सांगितलंस?"

"असं म्हणतात, पोरी. सगळेच म्हणतात."

"तू काय म्हणतेस? या बायकांसमोर सांग, माझा हात कसा आहे?"

बेल्कीसने नोझलांच्या डब्याचं झाकण लावलं. मग पुटपुटली, "चांगला आहे." नवीन मुलींपैकी एकीने वही मिटून पिशवीत टाकली.

घरी येताना मी नुसती उड्या मारत होते. पाहिलंस कसा चेहरा पडला तिचा, आता कोण जाईल त्या वर्गाला, क्रुसिताला आजच सांगते, असं माझं चाललं होतं. सुनिल्दा पुढे बघत चालत होती. आमच्या कोपऱ्यावर आल्यावर ती थांबली.

"बेल्कीसने एकदाच म्हटलं, कोमाद्रे. तुम्ही सोळा वर्षं म्हणत राहिलात."

मी विचारलं, तुम्ही म्हणजे कोण? तिने सांगितलं. माझ्या नातवाच्या बाप्तिस्म्याला मी घरी सुस्पिरो करत होते, माझा हात दुखायला लागला आणि ती म्हणाली, दे, मी फेटते. मी तिच्या हातातून वाडगा काढून घेतला होता आणि तिला परसात अननस सोलायला बसवलं होतं. पंधरा पाहुण्या बायका बघत होत्या. मी हसून म्हटलंही होतं, "बाई गं, लांबच राहा, माझ्या केकवर दया कर." सगळ्या हसल्या होत्या. हे मी इतका वेळ सांगितलं नाही, कारण सांगावंसं वाटत नाही. तेव्हा मला कोणी फसवलं नव्हतं. बेल्कीसने मला कधी काही शिकवलंच नव्हतं, माझा सुस्पिरो माझ्या आजीकडून आलेला आहे, आणि आजीने पाण्याच्या पेल्यात गोळी वळूनच दाखवला होता. सुनिल्दाला कसा करतेस असं एकदाही विचारावंसं मला वाटलं नाही. विचारलं असतं तर वहीतली ती ओळ पहिल्याच दिवशी माझ्या नजरेत आली असती.

मी तिथेच रस्त्यात माफी मागितली. ती म्हणाली, "बरं." आणि कुलूप काढून आत गेली.

अन्येलीनाच्या पंधराव्याचा केक तिने एकटीने केला. तीन मजली, आणि त्यावर जुईच्या अशा वेली की लोक बोट लावून पाहत होते, खऱ्या आहेत का म्हणून. दुपारभर ऊन आणि समुद्राचा वारा, पण एक पाकळी सरकली नाही. युदेल्का सोळा वर्षांत दुसऱ्यांदाच गावी आली होती. ती केकभोवती दोनदा फिरली, मग आईच्या गळ्यात हात टाकून जरा रुसूनच म्हणाली, "आई, माझ्या लग्नात का नाही केलास असा?"

मी शेजारीच उभी होते, हातात ताटल्यांचा ढीग घेऊन. सुनिल्दाने एकदा माझ्याकडे पाहिलं. मग मुलीच्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाली, "तेव्हा मला येत नव्हतं गं."

खरं काय ते सांगायला मी तोंड उघडलं, आणि विचारलं, "ताटल्या कुठे ठेवू?"